मेणाचा हातमोजा

निवृत्त होऊन वर्ष उलटलं, तरी मालवणच्या मासळीबाजारात मला अजून सरळपणे मासे मिळत नाहीत. बांगड्यांचा वाटा पिशवीत टाकायच्या आधी विकणारी बाय आपला खांदा माझ्यापुढे करते. "बाईनू, ह्यो बघा, हात वर जाणा नाय. शेक घेव काय?" मी उभ्याउभ्याच तिचा हात कोपरात धरून वर उचलते, ती ओरडते, मागचं गिऱ्हाईक वैतागतं, आणि माझ्या वाट्यात एक बांगडा जास्त पडतो.

मी फिजिओथेरपिस्ट. हा शब्द आमच्या भागात कुणाच्या जिभेवर कधी बसला नाही. सुरुवातीला मी तो समजावून सांगायची. नंतर सोडून दिलं. इस्पितळाच्या मागच्या अंगाला, धुण्याच्या दोऱ्यांशेजारी माझी खोली होती. तिला सगळे 'शेकाची खोली' म्हणायचे आणि मला 'शेकाची बाय'. केसपेपर काढताना लोक खिडकीवर प्रमाण मराठीत बोलत. माझ्या खोलीत येऊन बाकावर टेकले की दोन वाक्यांत मालवणीवर येत. दुखणं परक्या भाषेत सांगता येत नाही.

शेक आमच्याकडे काही मी आणला नाही. तो घरोघर होताच. देवबागकडची माणसं उन्हात तापलेली वाळू फडक्यात बांधून गुडघ्यावर ठेवत. कुणी रुईच्या पानाला तेल लावून ते तव्यावर गरम करत, कुणी मिठाची पुरचुंडी, कुणी चुलीतल्या विटेचा तुकडा गोणपाटात गुंडाळून. माझ्या म्हाताऱ्या पेशंटांपैकी काहींच्या पोटावर जुने डाग होते. लहानपणी पोट फुगलं म्हणून तापल्या सळीने दिलेले. तेही उष्णतेचे उपचारच, त्या लोकांच्या मते. अशांना "शेक देते" म्हटलं की ते आधी माझ्या हातात काय आहे ते बघत.

माझ्याकडे होतं ते असं: लाल दिवा, गरम पाण्यात ठेवायच्या मातीच्या पिशव्या, खोलवर ऊब पोचवणारं एक जुनं विजेचं यंत्र, आणि मेणाची पेटी. हे सगळं काय करतं, असं कुणी विचारलं की मी खोबरेल तेलाची बाटली आठवायला सांगायची. थंडीत तेल गोठतं, बाटली उपडी केली तरी थेंब येत नाही. उन्हात ठेवली की सुटतं. आखडलेल्या सांध्याभोवतीचं असंच होतं. ऊब मिळाली की तिथे रक्त वाढतं, स्नायू सैल होतात, कातडी आणि सांध्याचे बंध थोडा वेळ ताण सोसू लागतात. पण तेल सुटलं म्हणून काही भाजी आपोआप होत नाही. त्या थोड्या वेळात सांधा हलवायचा असतो. शेक दार उघडून देतो, आत चालत जायचं ते पेशंटने. आणि हा दुसरा भाग कुणालाच आवडत नाही. देवबागचा एक तांडेल होता, होडीवरचा मुख्य खलाशी, होड्या पावसात किनाऱ्यावर चढवल्या की दरवर्षी कंबर घेऊन यायचा. दिव्याखाली पालथा पडला की घोरायला लागायचा. मी दिवा काढला की जागा व्हायचा. "काढलात कित्याक, बाईनू? आताच खंय ऊब लागली होती." व्यायाम सांगितला की त्याला लगेच एसटीची वेळ आठवायची.

एक नियम मात्र मी कुणासाठी मोडला नाही. शेक द्यायच्या आधी पेशंटला डोळे मिटायला लावायचे. काचेच्या दोन नळ्या, एकीत गरम पाणी, एकीत गार. आलटूनपालटून कातडीला लावायच्या आणि विचारायचं, कुठली गरम? ज्याला हे सांगता येत नाही, त्याला शेक नाही. लोक हसायचे. "बाई, गरम-गार माका कळणा नाय?" आणि कधीकधी खरंच कळत नसायचं.

गुरुजींना कळत नव्हतं. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, स्वच्छ धोतर, गुडघे झिजलेले, आणि जुना मधुमेह. गुडघ्यावर त्यांना दोन्ही नळ्या बरोबर सांगता येत. घोट्याच्या खाली गरम-गार सगळं एकच. मी गुडघ्यांना शेक द्यायची आणि पावलांना नाही म्हणायची. यावर आमचा दर खेपेला वाद.

"बाई, थंडी माझ्या पावलांना वाजते. आणि तुम्ही ऊब देता गुडघ्यांना."

"गुरुजी, पावलांना चटका बसला तर तुम्हाला समजणार नाही."

"मग चांगलंच की. दुखणारच नाही."

ते विनोद म्हणून म्हणायचे. मीही हसायची, पण पिशवी गुडघ्यावरून खाली सरकू देत नसे.

ते आठवड्यातून दोनदा यायचे त्याच काळात, पावसाळा संपता संपता, आनंदी माझ्याकडे आली.

मसुऱ्याच्या पलीकडच्या एका वाडीतली. वय चाळिशीच्या आत. ती आणि तिचा नवरा दत्ता जत्रांमधून खाज्याचं दुकान लावायचे. आमच्याकडच्या जत्रेतून खाजं घेतल्याशिवाय कुणी घरी जात नाही, आणि बेळगाव-मुंबईच्या माणसालाही ते माहीत असतं, पण ते होतं कसं हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. बेसनाच्या बोटाएवढ्या कांड्या तळायच्या. गुळाचा पाक करायचा, त्यात आलं. मग पाक कांड्यांवर ओतायचा आणि तो सुकेपर्यंत कांड्या सतत हलवायच्या, म्हणजे प्रत्येकीला अंगभर गूळ लागतो. काही जण कांड्याच कढईत टाकतात. आनंदीच्या घरी पाक परातीत ओतायची पद्धत. दत्ता ओतायचा, ती हलवायची.

आदल्या हंगामातल्या एका जत्रेत तो पाक तिच्या उजव्या हातावर पडला. उकळतं पाणी पडलं तर ओघळून जातं. पाक चिकटतो आणि तिथेच बसून भाजत राहतो. गोव्याच्या मोठ्या इस्पितळात मांडीची कातडी काढून हातावर लावली होती. जखम भरली. पण नवी कातडी हाताच्या पाठीवर ताणून बसवलेल्या चामड्यासारखी झाली, गुलाबी, चकचकीत, घट्ट. मूठ मिटेना. बोटं अर्धवट वाकलेली, जणू एखादं न दिसणारं शहाळं धरलंय.

पहिल्या दिवशी मी विचारलं, "काय झाला?"

दारात उभा असलेला दत्ताच म्हणाला, "पाकान भाजला." आणि बाहेर जाऊन बाकावर बसला. पुढे कित्येक आठवडे तो तिला गाडीवरून आणायचा, बाहेर बसायचा आणि घेऊन जायचा. आत एकदाही आला नाही.

मी नळ्या काढल्या. तिने डोळे मिटले. गरम नळीत खरं तर कोमट पाणी होतं. ती कातडीला टेकताच आनंदी खुर्चीसकट मागे सरली. "हुन! हुन असा ता!"

गुरुजी पलीकडच्या खाटेवर गुडघे शेकत पडले होते. म्हणाले, "हिचं थोडं मला द्या, बाई. माझं थोडं हिला."

आधी काही दिवस मी तिचा हात कोमट पाण्यात हलवून घेतला, तेल लावून कातडी मोकळी करत राहिले, बोटं वाकवून घेतली. थोडं सुटलं आणि मग अडलं. अशा हाताला मेणासारखा शेक नाही. पॅराफिनचं मेण, त्यात थोडं तेल, पेटीत मंद वितळलेलं. हात बुडवून काढायचा, मेण पांढरं व्हायला लागलं की पुन्हा बुडवायचा, असे थरावर थर. हाताला मेणाचा हातमोजाच चढतो. वरून प्लास्टिक, टॉवेल. त्याच उष्णतेच्या पाण्याने कातडी भाजली असती, पण मेण आपली उष्णता हळूहळू सोडतं, आणि पहिला थर गोठला की तोच पुढच्या थरांपासून हाताला सांभाळतो. वाकड्यातिकड्या बोटांच्या बेचकीतही ऊब पोचते. हातमोजा सोलून काढला की कातडी मऊ, ओलसर आणि थोडा वेळ नमती झालेली असते. जखम पूर्ण भरलेली असली पाहिजे आणि नव्या कातडीला मेण नेहमीपेक्षा कमी गरम पाहिजे. एवढं सांभाळलं तर ते सोपं काम आहे.

मी पेटीचं झाकण उघडलं. आनंदीने आत बघितलं आणि ती उठून भिंतीला टेकली.

"बाईनू, ता पाकासारखा दिसता."

मी इतकी वर्षं ती पेटी उघडत होते, पण तोवर मला ते कधी दिसलं नव्हतं. वितळलेलं, जड, पृष्ठभागावर किंचित थरथरणारं. पाकच तो.

"ह्यां मेण असा," मी म्हटलं. "बघ, आधी माझो हात घालतंय." मी हात बुडवला, काढला, बुडवला. पांढरा हातमोजा झाला. तो मी अख्खा सोलून काढला आणि तिच्या डाव्या तळहातावर ठेवला. ती तो उलटासुलटा करून बघत राहिली. नखांच्या खुणासुद्धा उमटल्या होत्या.

"माका नको," ती म्हणाली. "मी पाण्यातच हलवतंय."

त्या दिवशी नाहीच झालं. पुढच्या खेपेला मी मेण ब्रशने लावायचं ठरवलं. रंगाचा साधा रुंद ब्रश, एकच बोट. तिने मान दुसरीकडे फिरवली, डाव्या हाताने खुर्चीचा दांडा धरला आणि करंगळी माझ्यापुढे केली. मग दोन बोटं. मग सगळी. असे बरेच दिवस गेल्यावर एका सकाळी तिने स्वतःहून हात पेटीत घातला, मनगटापर्यंत. आत घातला आणि माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे पाण्याने भरले होते, पण हात आतच होता.

माझ्या नोकरीत मला पदकं मिळाली नाहीत. तो एक हात मी पदकात धरते.

आणि मग गुरुजींचा तो दिवस आला. आनंदी हातात मेणाचा मोजा आणि वरून टॉवेल घेऊन बसली होती. गुरुजी आले, नेहमीसारखे खाटेवर बसले आणि म्हणाले, "बाई, जरा हे बघा. सकाळी चप्पल घालताना हाताला ओलं लागलं." त्यांनी पाय वर घेतला. तळव्याला, अंगठ्याच्या मुळाशी मोठा फोड होता, फुटलेला, खालचं मांस लालबुंद.

पाऊस लांबला होता, हवा गार होती. घरी गरम पाण्याची पिशवी पायाखाली घेऊन ते वर्तमानपत्र वाचत बसले होते. किती वेळ, ते त्यांना सांगता येईना. चेहऱ्यावर वेदनेची रेघ नव्हती. मला आठवतं ते तेच, की त्यांचा चेहरा इतका शांत होता.

"काही दुखत नाही बघा," ते म्हणाले, जणू मला धीर देत होते.

मी धावत जाऊन ड्रेसिंगचं सामान आणलं, डॉक्टरांना बोलावलं. मागे वळले तेव्हा आनंदी तिच्या खुर्चीत नव्हती. जमिनीवर मेणाचे पापुद्रे पडले होते, दारापर्यंत. बाहेर दत्ताची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

त्यानंतर ती आली नाही. दोन आठवडे मी वाट बघितली. भाजलेल्या हाताचं एक असतं. थांबलं की तो आहे तिथे राहत नाही, मागे जातो. कमावलेलं सगळं कातडी पुन्हा ओढून घेते.

मग एकदा दत्ता एकटाच आला. पहिल्यांदाच आत. टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"ती येणा नाय म्हणता."

"कित्याक?"

"म्हणता, गुरुजींका कळला नाय. मगे माका तरी कळात, कशावरसून?"

"तिका कळता रे. तिका जरा जास्तीच कळता."

"मी सांगान काय उपयोग नाय, बाईनू." तो खाली बघत म्हणाला. "माझ्या तोंडान गरम म्हटला तरी ती उठान जाता. तुम्ही येवा घराक."

रविवारी गेले. सोबत मेणाची एक लादी, ब्रश आणि तापमापक. चिऱ्यांचं घर, समोर अंगण, बाजूला मांगर, म्हणजे सामानसुमानाची खोपी. मांगरातच त्यांची भट्टी होती. खाज्याची मोठी कढई भिंतीशी पालथी घातलेली, तिच्या कडेला कोळ्याने जाळं धरलं होतं. आनंदी पडवीत बसून डाव्या हाताने विळीवर लाल भाजी चिरत होती. घरातलं शिजवणं अपघातापासून दत्ताच करत होता, हे तेव्हा कळलं. ती शेगडीजवळसुद्धा जात नव्हती. यंदाच्या हंगामासाठी दत्ता दुसऱ्याकडून तयार खाजं घेऊन विकायच्या विचारात होता. त्या बोलण्यावर तिने विळीवरून मान वर केली नाही, पण भाजी जोरात चिरली.

चहा झाला. मी तिचा हात हातात घेतला. घट्ट झाला होता.

"आनंदी, इस्पितळात पेटीचा बटण माझ्या हातात होता. ताच भय वाटला काय तुका?"

तिने विचार केला. "बटण तुमच्या हातात होता," ती म्हणाली, "आणि पेटीत हात माझो होतो."

खरंच होतं. आम्ही शेक देणारे नेहमी बटणाच्या बाजूला असतो.

"मगे आता दोनय तूच घे," मी म्हटलं. "मेण तू तापव. किती तापवचा, ता तू ठरव. मी हात लावचंय नाय. नुसती बसान ऱ्हवतंय."

दत्ता मांगराच्या दारात उभा होता. मग ती माझ्याकडे न बघता बोलायला लागली.

"बाईनू, लोकांका वाटता कढई कलंडली. कढई नाय कलंडली. हे पाक वती होते आणि मी हलवी होतंय. गर्दीत कोणी तरी हेंका हाक मारल्यान. हेंनी मान फिरवल्यानी. धार माझ्या हातार इली."

दत्ता तिथेच उभा.

"मी पाणी वता म्हणान सांगी होतंय," ती म्हणाली, "आणि हे रडी होते. नुसते रडी होते. पाणी शेजारच्या दुकानवाल्यान वतल्यान."

वर्षभर त्या घरात दोघांनी हे एकमेकांपाशी काढलं नव्हतं. तो तिला न चुकता इस्पितळात आणत होता, तिचं जेवण रांधत होता, आणि खोलीच्या आत पाऊल टाकत नव्हता. मला वाटलं, आता मी इथे नको. पिशवी उचलायला वाकले, तेवढ्यात दत्ता म्हणाला, "खरा असा ता." आणि मागे जाऊन लाकडं घेऊन आला. चुलीपाशी ठेवली आणि बाजूला झाला.

ती उठली. चूल तिनेच पेटवली, डाव्या हाताने. मी एवढंच सांगितलं, की मेण थेट विस्तवावर ठेवायचं नाही, पेट घेतं. मोठ्या टोपात पाणी, त्यात लहान टोप, त्यात मेण. वितळलं की खाली उतरवायचं. बाकी ती बघत बसली. मेण पारदर्शक झालं, तिने टोप उतरवला. तापमापक मी तिच्याकडे दिला होता, तिने तो घालून बघितला, आकडा मला विचारून घेतला आणि थांबली. मेणावर साय धरायला लागेपर्यंत थांबली. माझ्या हिशोबाने ते आता बरंच थंड होतं, फारसा उपयोग नव्हता त्याचा. मी नुसती बसून राहिले. थंड मेणाने कुणाचं नुकसान होत नाही.

तिने आधी डावं बोट घातलं. मग उजवा हात.

पुढच्या रविवारी तिने साय धरायच्या आधी हात घातला. त्यानंतर आणखी थोडा आधी. एकदा मी पोचले तेव्हा तिचं सगळं आटोपलं होतं आणि ती अंगणात बसून बोटं वाकवत होती, ओठ दाताखाली धरून. दत्ता तिच्यासमोर बसून मोठ्याने आकडे म्हणत होता, आणि तो घाईने म्हणतोय म्हणून ती त्याच्यावर ओरडत होती. मला फार बरं वाटलं.

मग ती पुन्हा इस्पितळातही यायला लागली. तिथेच तिची गुरुजींशी गाठ पडली. त्यांच्या पायाची जखम चिघळली होती. अंगठा काढावा लागला. कुबडी घेऊन, पायाला जाडजूड पट्टी बांधून ते ड्रेसिंगला आले होते आणि सवयीने माझ्या खोलीत डोकावले. आनंदी त्यांच्या पायाकडे बघत राहिली. तिचा चेहरा पडला. गुरुजींना ते कळलं असावं. शाळेत पोरांच्या चेहऱ्यावरचं वाचण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं.

"आनंदी, तुला चटका बसतो तेव्हा तू ओरडतेस ना?"

"ओरडतंय."

"मग ओरड. मला ओरडता आलं असतं तर अंगठा राहिला असता." एवढं बोलून ते कुबडी टेकत बाहेर गेले.

गुरुजींचं मला अजून वाईट वाटतं. मी त्यांना सांगितलं होतं, दर खेपेला सांगितलं होतं. त्यांनी ऐकलंही होतं, हसून. पण ज्याला गार पडलेले पाय घेऊन घरी एकटं बसायचं असतं, त्याला ऊब हवी असते, आणि ती कुठूनतरी मिळवली जाते. पुढे ते गुडघ्यांसाठीही आले नाहीत. चालणंच कमी झालं. मी अधूनमधून त्यांच्या घरी जायची. ते पायात लोकरीचे मोजे घालून बसलेले असत आणि मला दाखवत, "बघा, पिशवी नाही."

माझ्या जागी आता एक तरुण मुलगी आली आहे. हुशार आहे. ती शेक कमी देते, व्यायाम जास्त करून घेते, आणि ते बरोबरच आहे. नवं शास्त्र तसंच सांगतं. मेणाची पेटी कोपऱ्यात आहे, कुणाच्या सांधेदुखीच्या हातांना लागली तरच उघडते. पेशंट मात्र अजून तक्रार करतात, की नव्या बाई नुसते हात हलवायला लावतात, शेक देत नाहीत. मी त्यांना सांगते, मीही शेवटी हात हलवायलाच लावत होते. फक्त आधी थोडं गरम करून.

आनंदीचा हात पूर्ण सुधारला नाही. तसं मी तिला कधी सांगितलंही नव्हतं. आधी मुठीत लाटणं मावायला लागलं, मग उलथण्याचा दांडा, मग सुरी. करंगळी शेवटपर्यंत मुठीत आली नाही. चहाचा कप धरला की ती वेगळी, ताठ उभी राहते. दत्ता तिला त्यावरून चिडवतो, "आमची मडम." ऊन लागलं की कातडी अजून चुरचुरते. पण आता गॅसवर भात तीच लावते.

त्या वर्षी थंडी सरत आली तशी आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख ठरली. ही तारीख कॅलेंडरात नसते. देवीचा कौल घेऊन ठरते, आणि मग सगळ्या मुलखात धावपळ सुरू होते. दुसऱ्याच दिवशी दत्ताचा फोन आला. "बाईनू, ती बोलावता तुमका. सकाळीच येवा."

गेले तर मांगर झाडून सारवलेला. कढई घासून लख्ख केलेली, भट्टीवर. मोठ्या परातीत तळलेल्या कांड्यांचा ढीग. आनंदी पदर खोचून परातीपुढे पाटावर बसली होती, उजव्या हातात उलथणं. कढईत गूळ उकळत होता आणि आल्याचा वास डोळ्यांत जात होता.

दत्ता मला पडवीत गाठून हळूच म्हणाला, "मी वतणा नाय, बाईनू. तुम्ही सांगा तिका. कांड्ये कढयत टाकूया म्हटलंय, तर आयकना नाय."

मी काहीच सांगितलं नाही. ते काही फिजिओथेरपीतलं नव्हतं.

आतून आवाज आला, "पाक झालो. उतरा."

तो गेला. फडक्याने कढईचे दोन्ही कान धरले. उचलली. परातीच्या कडेशी आणली आणि थांबला. पाकातून बुडबुडे येत होते आणि फुटत होते. आनंदीचा उजवा हात, तो गुलाबी चकचकीत हात, उलथण्यावर होता, परातीच्या अगदी आत.

"हात वायच मागे घे," तो म्हणाला.

"नाय घेणंय. वता."

"आनंदे..."

"माझ्याकडे बघू नको. परातीत बघ." ती वर न बघता म्हणाली, नवऱ्याला एकेरी. "आणि कोणी हाक मारलीच, तर मारूंदे."

त्याने ओतलं. बारीक, सावकाश, परातीच्या मधोमध, जिभेचं टोक दातात धरून. तिने हलवायला सुरुवात केली, आधी हळू, मग नेहमीच्या सवयीने भराभर. कांड्या खडखडू लागल्या. हात दुखला की ती "आई गो" म्हणायची आणि हलवत राहायची. कढई रिकामी झाली तेव्हा दत्ताने ती खाली ठेवली आणि तिथेच, भट्टीशेजारी, मटकन जमिनीवर बसला. घामाने भिजला होता. आनंदी त्याच्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "पाणी वतू काय आता तुमच्यार?"

खाजं निवल्यावर तिने मला वाटीत घालून दिलं. वर्षभर सवय नव्हती, त्यामुळे असेल, पाक जरा जास्त आटला होता. कांडी दाताला चिकटत होती आणि चावता चावत नव्हती. आम्ही तिघं पडवीत ओळीने बसलो आणि कुणीही त्याबद्दल एक शब्द न काढता ते सगळं संपवलं.